न खाणारीचा जिताडा

मी मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माधव नगरातल्या आणि नात्यातल्या निम्म्या लोकांनी मला हा प्रश्न विचारला आहे आणि उरलेल्यांनी न विचारताच उत्तर ठरवून टाकलं आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आमचे पूर्वज सरकारी दप्तरात लिहिण्यावाचण्याच्या कामाला म्हणून माळव्यात आले आणि उज्जैनचेच झाले. आमची मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली, आमचं जेवण वरण-भात आणि दाल-बाफले यांच्या मधलं, आणि समुद्र म्हणाल तर तो द्वारकेच्या यात्रेत बघायचा, पाय भिजवायचे आणि परत यायचं. अशा घरातली मी सून. साठाव्या वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले आणि चार महिन्यांच्या आत मासे पकडायचा रॉड मागवला.

रॉड कुरिअरने आला. घराला कुलूप होतं म्हणून फ्रीगंजातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन आणावा लागला. काउंटरवरच्या माणसाने ती लांबलचक नळी उलटीसुलटी करून बघितली.

"मॅडम, पर्दे का पाइप है क्या?"

"नहीं भैया, मछली पकड़ने की रॉड है."

"अच्छा, बच्चों के लिए."

"मेरे लिए," मी म्हटलं आणि सही केली.

नळी ऑटोत आडवी मावेना. एक टोक बाहेर काढून, दोन्ही हातांनी धरून मी घरी आले. गल्लीतल्या प्रत्येकाने ती पाहिली. पाहू दे, असंच तेव्हा वाटलं.

हे खूळ एकाएकी डोक्यात शिरलेलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी, प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर, मी पीएच. डी.साठी रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर आठ महिने राहिले होते. विषय होता जिताडा. शाळामास्तरांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. पहाट झाली की टेप, चिमटा आणि पाकिटं घेऊन मी धक्क्यावर जायची. मासे लिलावात जायच्या आधी मला त्यांची लांबी मोजू द्यायच्या, एक-दोन खवले काढू द्यायच्या, इतपत तिथल्या कोळणींशी माझी ओळख झाली होती. कुणी आतडी काढत असली की मी शेजारी उकिडवी बसून पोटात काय निघतं ते टिपून घ्यायची. वास पहिले दोन आठवडे सहन झाला नाही. नंतर तो येईनासाच झाला.

जिताडा हा मासा धड समुद्राचा नाही, धड नदीचा नाही. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात त्याची अंडी पडतात. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांतून, खाजणांच्या दलदलीतून, वाट मिळाली तर भातशेतातल्या गोड्या पाण्यातसुद्धा. तिथे ती कोळंबी आणि बारके मासे खाऊन वाढतात. मोठी झाली की ओहोटीबरोबर परत मुखाकडे उतरतात. इथवर ठीक आहे. पण हा मासा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, काही हंगाम नर म्हणूनच काढतो आणि मग त्याच शरीरात हळूहळू मादी होतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. मी ते स्वतःच्या हातांनी उघडून पाहिलं होतं. हातभर लांबीच्या माशाच्या पोटात पांढरं, त्याहून खूप मोठ्याच्या पोटात पिवळी अंडी, आणि मधल्या एखाद्यात दोन्हीच्या खुणा. पहिल्यांदा असा मधला मासा मिळाला तेव्हा मी धक्क्यावरच मोठ्याने ओरडले होते आणि कोळणी हसल्या होत्या.

एकच होतं. मी पाहिलेले सगळे जिताडे मेलेले होते. बर्फातले, टोपलीतले, पाटीवर मांडलेले. पाण्यात जिवंत असलेला जिताडा मी एकदाही पाहिला नाही.

मग वडिलांचं पत्र आलं. स्थळ चांगलं होतं, मुलगा बँकेत, आणि घर उज्जैनमध्येच. "राहिलेलं काम इथे बसून लिहिता येईल," असं वडिलांनी लिहिलं होतं आणि मला ते पटलंही. चपलांच्या एका मोठ्या खोक्यात मी सगळी पाकिटं भरली. प्रत्येक पाकिटात खवले, वर तारीख आणि लांबी. लग्नानंतर ते खोकं आमच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. चौथ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते गेलं. सासूबाई म्हणाल्या, मेलेल्या जिवांचे तुकडे देवघराला लागून असलेल्या खोलीत नकोत. मी तेव्हा नुकतीच एका मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागले होते. घरी आले, फळी रिकामी बघितली आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

सासूबाई वाईट बाई नव्हत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या आईला जमलं नसतं. पण त्या दिवशी मी गप्प बसले याचा राग मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त होता आणि तो उतरला नाही. एकतीस वर्षं मी वर्गात बेडूक आणि रोहू शिकवले. दर वर्षी जिताड्याची ती एक ओळ आली की मी फळ्याकडे तोंड करायची.

तर रॉड. कॉलनीमागच्या मैदानात मी सकाळी सहाला जायला लागले. क्षिप्रेवर रॉड घेऊन उभं राहायचा प्रश्नच नव्हता. तिथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात आणि पुण्य घेऊन घरी जातात, त्यांच्या मध्ये मला लुडबुड करायची नव्हती. मैदानात मी धुण्याचा निळा टब ठेवायची, चाळीस पावलं मागे जायची आणि दोरीच्या टोकाला नुसतं शिसं बांधून ते टबात पडेल असं फेकायची. काटा नाही, पाणी नाही. पहिला आठवडा शिसं कधी मागच्या बाभळीत अडकायचं, कधी माझ्याच चपलेवर पडायचं. सकाळी फिरायला येणारी मंडळी थांबून बघायची.

"मॅडम, यहाँ तो पानी ही नहीं है!"

"पता है."

"बारिश आने दो, फिर मिलेगी."

"तब तक हाथ तैयार हो जाएगा," मी म्हणायची आणि पुन्हा फेकायची.

महिन्याभरात दहातले सहा नेम टबात बसायला लागले. एक निवृत्त इंजिनियर रोज थांबून मोजायचे आणि चुकला की स्वतःच हळहळायचे. पण मराठी मंडळातल्या एका बाईंनीही एक दिवस पाहिलं. "अगं, हे काय करून राहिली आहेस?" एवढंच विचारून त्या निघून गेल्या आणि त्याच दुपारी ही बातमी आमच्या खालच्या मजल्यावर पोचली.

खालच्या मजल्यावर माझे मोठे दीर आणि वहिनी राहतात. दिरांना घरात आणि मंडळात सगळे दादासाहेब म्हणतात. पंचाहत्तर वर्षांचे, ताठ, रोज पहाटे पूजा, मंडळाच्या गणेशोत्सवात शब्द त्यांचा शेवटचा. रविवारी सकाळी ते वर आले. मी पोह्यांवर शेव घालत होते. नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर आणखी वर धरला.

"मैदानात काय चाललंय?" दादासाहेब उभ्यानेच म्हणाले.

"सराव करते आहे. एप्रिलमध्ये खाडीवर जाणार आहे. जिताडा पकडायला."

"तू मासे खायला लागलीस?"

"नाही."

"खात असतीस तर एक वेळ समजलं असतं. कोळी मारतो तो पोटासाठी मारतो. तू कशासाठी मारणार?"

"मारणार नाही. पकडून, मोजून सोडणार."

"म्हणजे त्याच्या तोंडात काटा घालायचा, जीव जाईस्तोवर ओढायचं आणि मग जा बाबा म्हणायचं. ह्याला काय म्हणायचं? करमणूक?"

लोक काय म्हणतील, याचं उत्तर माझ्याकडे केव्हाचं तयार होतं. ह्याचं नव्हतं. मी हातातला डबा खाली ठेवला.

"त्याला त्रास होईल, हे खरं आहे," मी म्हटलं. "तो होणार नाही असं मी म्हणत नाही. तरी मी जाणार आहे. मला तो एकदा जिवंत बघायचा आहे. आणि त्याचं माप घ्यायचं आहे. माझी आठ महिन्यांची मापं ह्या घराने कचऱ्यात टाकली, दादासाहेब."

ते म्हणाले, "घराने नाही. मी टाकली. आईने सांगितलं, आणि ते खोकं मी उचलून नाक्यावरच्या कचरापेटीत टाकून आलो."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात सासूबाईंशी भांडत होते.

"आणि आज असतं तर आजही टाकलं असतं," ते म्हणाले.

"आज टाकून बघा," मी म्हटलं.

माझा आवाज चढला नव्हता. पण नवऱ्याने पेपर खाली केला. वहिनी जिन्यात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. दादासाहेब खाली गेले. पोहे गार झाले होते. मी ते गारच खाल्ले.

त्यांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. दुपारी नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढली आणि घेतलेले सगळे काटे घेऊन बसले. काट्याच्या टोकाजवळ एक उलटा दात असतो. त्याच्यामुळे मासा सुटत नाही आणि काढताना जखम मोठी होते. एकेक काटा पकडीत धरून मी तो दात दाबून सपाट केला. तीन काट्यांचे आकडे होते ते बाजूला काढले, एकेरीच ठेवले. असं केलं की मासा निसटायची शक्यता खूप वाढते. वाढू दे. दादासाहेबांच्या म्हणण्यातलं जे खरं होतं तेवढं मी घेतलं. बाकीचं त्यांना परत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. नवरा स्टेशनवर सोडायला आला, ती नळी त्यानेच खांद्यावर घेतली होती. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तो जरा चुळबुळला.

"दादाला मी सांगितलंय की तू मावसबहिणीकडे पुण्याला चालली आहेस. फालतूमध्ये भांडण नको म्हणून."

मी त्याच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता आणि माझ्या बाजूने एकदाही उभा राहिला नव्हता.

"फोन काढ," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. मी लपून जाणार नाही. तुला सांगता येत नसेल तर मी सांगते."

त्याने फोन काढला. लावला. "दादा," तो म्हणाला, "ती पुण्याला नाही चालली. खाडीवर चालली आहे, मासे पकडायला. मीच सोडायला आलोय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. नवऱ्याने दोनदा "हो" म्हटलं, एकदा "नाही, मी नाही थांबवणार" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

खाडी तीच होती, गाव बदललं होतं. धक्का सिमेंटचा झाला होता, शाळामास्तरांच्या घराच्या जागी दोन मजली लॉज. तिथेच उतरले. हौशी गळवाल्यांना होडीतून नेणारी एक बाई आहे असं लॉजवाल्याने सांगितलं. पंचेचाळिशीची, उन्हाने करपलेली, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. नवरा मोठ्या बोटीवर खोल समुद्रात जायचा, ही आपली छोटी इंजिनाची होडी खाडीत चालवायची. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकट्याच आलाव? गळ घेऊन गरवायला?"

"हो."

"कुठल्या तुम्ही? बोलणं हिंदीवाल्यांसारखं वाटतं."

"उज्जैनची. मराठीच आहे मी."

"असाल," ती म्हणाली, आणि होडीत चढायला हात दिला.

पहिले दोन दिवस काही लागलं नाही. जिवंत कोळंबी काट्याला शेपटीकडून टोचायची, तिवरांतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी फेकायची आणि वाट बघायची. खेकड्यांनी कोळंबी खाल्ली. एकदा दोरी मुळांत अडकली आणि तोडावी लागली. दुपारचं ऊन पाण्यावरून उलटून डोळ्यांत यायचं. शेजारी एक दुसरी होडी होती, शहरातून आलेल्या दोन तरुणांची. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चौपट सामान होतं. "काकू, काही मिळालं?" ते दर तासाला विचारायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे.

दुसऱ्या दिवशी होडीवालीने विचारलं, "खात नाय म्हणता, मग कशाला एवढा खटाटोप?"

मी तिला खोक्याची गोष्ट सांगितली. तिने इंजिनावरचं फडकं पिळलं.

"माझ्या सासूने माझं जाळं जाळलं होतं," ती म्हणाली. "बाईने होडीवर जायचं नाय म्हणून. मी दुसरं विणलं." आणि वल्हं उचलून होडी जरा पुढे घेतली.

तिसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला लागली. तिवरांतलं गढूळ पाणी खाडीत उतरायला लागलं आणि त्याच्याबरोबर बारके मासे. होडीवाली बोटाने दाखवत म्हणाली, "तिथं, काळ्या खडकाच्या अलीकडं. ऐकलंव?" मी ऐकलं. पाण्यात कुणीतरी बूच उपटावं तसा आवाज. जिताडा तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा तो आवाज. मी पुस्तकात वाचला होता, कानाने ऐकला नव्हता.

मी फेकलं. मैदानातला टब डोळ्यांसमोर आणला आणि फेकलं. कोळंबी खडकाच्या अलीकडे हातभर पडली. आणि रॉड वाकला.

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. रीळ किंचाळलं. होडीवाली ओरडली, "जाऊ दे, जाऊ दे त्याला, खेचू नका!" दोरी तिवरांकडे पळत होती, तिथे पोचली असती तर संपलंच असतं. मी रॉड आडवा करून त्याला वळवलं. मग तो वर आला. अख्खा पाण्याबाहेर. चांदीसारखं अंग, वर हिरवट पाठ, कल्ले पसरलेले, डोकं गदागदा हलवत. आणि डोळा. धक्क्यावरच्या माशांचे डोळे पांढुरके, विझलेले असायचे. हा सोनेरी होता, जळता. मी एवढंच म्हटलं, "अगं बाई." आणि रडायला लागले, पण हात रिळावरून काढला नाही.

वीस मिनिटं तरी लागली असतील. शेवटी होडीवालीने मोठी जाळी खालून घातली आणि मासा होडीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवला. मी हात ओले केले, खालचा जबडा अंगठ्याने धरला. आतून तो पॉलिशपेपरसारखा खरखरीत असतो, दात लागत नाहीत. काटा ओठाच्या कोपऱ्यात होता, जरा ढिला केल्याबरोबर निघाला. पण दुसरा हात कल्ल्याच्या झाकणाला लागला. त्याची कड पात्यासारखी असते हे मी धक्क्यावर आठ महिने पाहिलं होतं आणि तरी अंगठा चिरला. ओल्या कापडावर टेप शिवून आणला होता. एक मीटरला चार बोटं कमी. एवढ्या लांबीच्या माशांची जी पोटं मी उघडी पाहिली होती, त्या सगळ्यांत अंडीच होती.

"मादी आहे," मी म्हटलं. "महिन्या-दोन महिन्यांत मुखाशी जाईल अंडी घालायला."

"ते आमाला नका शिकवू. मोठी जिताडी अंड्याचीच निघते."

"आणि आधी ही नर होती."

होडीवालीने माझ्याकडे बघितलं, मग माशाकडे. "खरं?"

"खरं."

"काय सांगता," ती म्हणाली आणि खदखदून हसली. "बरं केलंन."

तेवढ्यात ती दुसरी होडी जवळ आली. दोघांचेही मोबाइल वर. "काकू, उचला ना वर! फोटो काढतो!" मी मान हलवली. पाण्याबाहेर उचलून धरलं असतं तर तिचा सगळा भार जबड्यावर आला असता. "नाही तर आम्हाला द्या, सोडू नका, वेड्या आहात का? एवढा मासा आयुष्यात मिळत नाही!"

"मला मिळाला," मी म्हटलं.

"सोडणार?" होडीवालीने हळूच विचारलं. "मी नसता सोडला हां. खरं सांगते."

"माहीत आहे. तुझं पोट आहे त्याच्यावर. माझं नाही."

छातीच्या पराच्या मागचा एक खवला मी चिमट्याने काढला आणि पाकिटात ठेवला. मग तिचं तोंड ओहोटीच्या प्रवाहाकडे करून, जबडा धरून पाण्यात तशीच ठेवली. कल्ले उघडत होते, मिटत होते. ते तरुण अजून काहीतरी ओरडत होते. पहिल्यांदा शेपूट नुसतं हललं. मग जोरात फटकारा बसला, माझ्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामा झाला.

फोटो नाही. त्या दोघांनी काढलेल्या व्हिडिओत माझी पाठ आणि होडीवालीची ओढणी दिसते म्हणे.

कॉलेजचा भंगारात निघालेला सूक्ष्मदर्शक मी मागून घेतला होता. उज्जैनला आल्यावर तो खवला काचपट्टीवर ठेवून त्याच्याखाली बघितला. वलयं पुसट होती. गरम पाण्यातल्या माशांची तशीच असतात, खात्रीने वय सांगता येत नाही. सात असतील, फार तर आठ. वहीत पहिल्या पानावर तारीख, लांबी आणि "सात किंवा आठ" असं लिहिलं. दुसरं पान रिकामं आहे. डिसेंबरचं तिकीट काढलेलं आहे.

बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणी म्हणालं मासे खाऊन आली, कुणी म्हणालं विकून आली. दादासाहेब माझ्याशी बोलणं टाळू लागले. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला बारा वर्षं मी पुरणपोळ्या लाटते आहे. यंदा आधल्या दिवशी, मैदानात मला पाहिलेल्या मंडळातल्या त्याच बाईंचा फोन आला.

"या वेळी तू स्वयंपाकात नको येऊस. काही जणींना बरं नाही वाटत. बाहेर गजरे वाटायला उभी राहा ना, छान काम आहे."

"कुणाला बरं नाही वाटत?"

"नावं कशाला."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सकाळी सातला माझं पोळपाट-लाटणं घेऊन मी मंडळाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. बायका बोलता बोलता थांबल्या. मी पदर खोचला.

"मी मांसाहार केलेला नाही," मी म्हटलं. "मासा पकडला, मोजला आणि सोडला. हात साबणाने धुतलेले आहेत. कुणाला माझ्या हातची पोळी नको असेल तिने आत्ता माझ्या तोंडावर सांगावं, मी उठून जाते."

दोघी उठल्या आणि पलीकडच्या शेगडीपाशी जाऊन बसल्या. फोन करणाऱ्या बाई भांड्यांच्या कपाटात काहीतरी शोधत राहिल्या. मी पहिला उंडा घेतला. थोड्या वेळाने वहिनी आल्या. दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं, मग माझ्या शेजारची जागा पायाने जरा झाडून बसल्या आणि पुरणाचं पातेलं स्वतःकडे ओढलं. त्या दादासाहेबांना किती घाबरतात हे मला माहीत होतं.

आम्ही दोघी लाटायला, भाजायला लागलो. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "सोडलीस तेव्हा ती लगेच गेली का गं?"

"नाही. थोडा वेळ हातातच होती."

"मग?"

"मग गेली."

वहिनींनी मान हलवली आणि पोळी उलटली.

पहिल्या पंक्तीत दादासाहेब बसले होते. त्यांनी वाढणारीला विचारलं, "पोळ्या कुणाच्या?" ती गोंधळली. वहिनी आतून मोठ्याने म्हणाल्या, "आम्हा दोघींच्या." त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादासाहेबांनी पानावर हात आडवा धरला आणि वरण-भात कालवायला घेतला. मी उठले, ताटात एक गरम पोळी घेतली, वर तूप सोडलं आणि जाऊन त्यांच्या पानात कडेला ठेवली. ते वर बघेनात. मी तिथे क्षणभर उभी राहिले, मग शेजारच्या पानाकडे वळले.

त्यांनी ती खाल्ली नाही. पंक्ती उठली तेव्हा पोळी तशीच होती, तूप थिजलेलं. बाकी सगळ्यांची पानं चाटूनपुसून स्वच्छ होती, आणि दुसऱ्या पंक्तीला पोळ्या कमी पडणार हे दिसत होतं. वहिनी म्हणाल्या, "चल, कणीक भिजव." मी परात पुढे ओढली.